वसंतात सह्याद्री भटकताना: रानफुलं, पाखरं आणि सोबतीची मंडळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माघ सरत आला की आम्हा पाच-सहा जणांचे फोन सुरू होतात. कुठली सावर फुलली, घाटात पळस पेटला का, या रविवारी कोण मोकळं आहे. तिथपासून वैशाखाच्या मध्यापर्यंत आमच्या डोंगरवाटा चालू असतात. दरवर्षी सोबत एक-दोन नवी माणसं येतात आणि त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फुलांचा हंगाम तर भाद्रपद-आश्विनात असतो ना? मग उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरात काय बघायचं?

कास पठारामुळे हा समज पक्का झाला आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, फुलतात, माणसं रांगा लावून ते बघतात आणि पुढच्या पावसापर्यंत डोंगर ‘संपला’ असं धरून चालतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत कास आहे. ते बघायलाच हवं. पण मार्चमध्ये तेच पठार करड्या गवताचं आणि तापल्या कातळाचं असतं, आणि त्याच दिवसांत खालच्या उतारावर, घाटाच्या वळणावर, गावाच्या वेशीवर झाडं फुलांनी लगडलेली असतात.

पावसाळ्यात फुलं पायाशी असतात, वसंतात ती डोक्यावर जातात. फरक एवढाच. पावसाळी ट्रेकला आपण खाली बघून चालतो, कारण वाट निसरडी असते आणि फुलंही तिथेच असतात. वसंतात थांबून मान वर करावी लागते. जो थांबत नाही त्याला हा डोंगर उजाड वाटतो.

कोणत्या महिन्यात काय फुलतं?

तारीख सांगता येत नाही. उंची, उतार कुठल्या दिशेला आहे, त्या वर्षी थंडी किती लांबली, यावर पंधरा-वीस दिवस मागे-पुढे होतंच. पण क्रम सहसा चुकत नाही.

सुरुवात काटेसावरीने होते. जानेवारीच्या शेवटी वरच्या फांद्यांवर काळसर कळ्या दिसायला लागतात आणि फेब्रुवारीत अख्खं झाड लाल होतं. तिच्या मागोमाग पळस आणि पांगारा. त्याच सुमारास खडकाळ उतारांवर गणेर, म्हणजे सोनसावर फुलते. निष्पर्ण, वेड्यावाकड्या फांद्यांच्या टोकाला तळहाताएवढी झळझळीत पिवळी फुलं. कोरड्या नाल्यांच्या कडेने धायटीची लालबुंद नळीदार फुलं असतात. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला वापरतात ती हीच. झुडपांवर पसरलेली उक्षी पोपटी-पांढऱ्या झुबक्यांनी भरून जाते. पूर्वी रानात फिरणारी माणसं तिची वेल तोडून आतलं पाणी प्यायची.

मार्चमध्ये करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात, सकाळी त्यांचा वास वाटभर असतो. माथेरान-महाबळेश्वरला अंजनी फुलते. खोडाला आणि फांद्यांना बिलगून आलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ पहिल्यांदा दिसतात तेव्हा माणूस पुढे जात नाही. याच दिवसांत कोशिंबाला, म्हणजे कुसुमाला नवी पालवी येते. ती इतकी लाल असते की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. दरवर्षी आमच्यातलं कोणीतरी फसतं.

एप्रिलमध्ये कुड्याची पांढरी फुलं, रानमोगऱ्याचा म्हणजे कुसरीचा सुवास आणि गेळाची फुलं. गेळाचं फूल उमलतं पांढरं आणि जुनं होता होता पिवळं पडतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. मग बहावा, आणि त्याच्या जोडीला नदी-ओढ्याकाठी ताम्हण, आपलं राज्यफूल.

पानं गळून गेलेली, जमिनीत ओल नाही, आणि झाडं नेमकी तेव्हाच का फुलतात?

मला विचाराल तर वसंतातल्या डोंगराचा हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे.

हिवाळा संपताना पानझडी झाडं पानं टाकतात, कारण पानांवाटे पाणी उडून जातं. पानं नसली की दोन गोष्टी साधतात. पाणी वाचतं, आणि फुलं लांबून दिसतात. पळस, पांगारा, सावर ही सगळी मोठी, भडक आणि जवळजवळ बिनवासाची फुलं आहेत, कारण त्यांची भिस्त पाखरांवर आहे. पाखरांची नजर तेज असते, लाल-केशरी रंग त्यांना दुरून खेचतो. वासाची गरज पडते ती रात्री येणाऱ्या पाहुण्यांसाठी. कुंभ्याचं झाड बघा: त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात आणि पहाटे झाडाखाली गुलाबी-पांढऱ्या पुंकेसरांचा सडा पडलेला असतो. कुंभा बघायचा तर सूर्याबरोबर पोचावं लागतं.

दुसरं कारण पावसाचं आहे. फेब्रुवारीत फूल आलं तर एप्रिल-मेपर्यंत बी तयार होतं. सावरीची बोंडं तडकून कापूस उडायला लागतो, पळसाच्या चपट्या शेंगा वाऱ्यावर भिरभिरत जातात आणि पहिला पाऊस पडतो तेव्हा बी मातीवर हजर असतं. ऐन कोरड्या दिवसांत फुलणं हा झाडाचा हिशेब आहे, आणि तो जूनवर डोळा ठेवून केलेला आहे.

पळस, पांगारा, सावर तिन्ही लालच. लांबून ओळखायची कशी?

आधी झाडाचा बांधा बघा. सावर उंच, सरळ, आणि तिच्या फांद्या खोडापासून आडव्या, मजल्यामजल्याने निघालेल्या असतात. कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे. फूल वाटीएवढं, पाच मांसल पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा जुडगा. पडतं तेव्हा ‘थप्प’ असा चक्क आवाज येतो.

पळस वेडावाकडा आणि ठेंगणा. त्याच्या कळ्यांचं देठाकडचं आवरण काळपट-तपकिरी, मखमलीसारखं असतं आणि त्यातून केशरी पाकळ्या बाहेर येतात, म्हणून फांदीवर निखारे ठेवल्यासारखं दिसतं. एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. संस्कृतात त्याला किंशुक म्हटलं ते ‘हा पोपट तर नव्हे?’ अशा अर्थाने. पान हाताशी आलं तर प्रश्नच मिटला: पळसाला पानं तीनच.

पण पांगाऱ्यालाही पानं तीनच असतात, इथे गफलत होते. पांगाऱ्याचं फूल केशरी नसतं, ते शेंदरी-लाल असतं, आणि फांदीच्या टोकाला पंजासारखे फाकलेले तुरे येतात. खोडा-फांद्यांवर बारीक काळे काटे असतात. गावात कुंपणाला आणि वेलांना आधार म्हणून लावलेला दिसतो.

पिवळा पळस कोणी दाखवला तर नशीब समजा. तो फार क्वचित आढळतो, आणि त्याच्याभोवतीच्या समजुतींपायी माणसं त्याची सालसुद्धा ओरबाडतात. जागा गावभर करू नका.

जमिनीवर खरंच काही नसतं का?

फार थोडं असतं, पण जे असतं ते जपून ठेवावं असं. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सुमारास, पान नाही, देठ नाही, अशा कोरड्या मातीतून भुईचाफ्याचं पांढरं-जांभळं फूल थेट वर येतं. पानं नंतर, पावसात येतात. पाचोळ्यात ते सहज पायाखाली जातं, म्हणून वाट सोडून चालू नका.

झाडांच्या फांद्यांवर आमऱ्यांकडे, म्हणजे ऑर्किडांकडे, लक्ष ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंड्रोबियम बार्बाट्यूलम या आमरीच्या पानं झडलेल्या काटक्यांवर पांढरीशुभ्र फुलं येतात. ही फक्त पश्चिम घाटातली. सीतेची वेणी या दुसऱ्या आमरीसाठी मात्र मे उजाडावा लागतो.

पाखरं आणि प्राणी दिसावेत म्हणून नेमकं काय करायचं?

एक फुललेली सावर शोधा आणि तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन, तासभर बसा. बाकी काही करायचं नाही.

पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, कारण आपण आल्यामुळे सगळे गप्प झालेले असतात. मग बुलबुल परत येतात. साळुंक्या भांडायला लागतात. कोतवाल फुलातला मधही पितो आणि फुलावर आलेला किडाही उडवतो. हळद्या पिवळाधमक, पण लाजाळू, तो पलीकडच्या बाजूनेच येतो. जांभळा शिंजीर फुलाच्या कडेवर उलटा लटकतो. तांबट शेजारच्या वाळक्या फांदीवर बसून ‘टुक टुक टुक’ चालू ठेवतो, आणि दाट झाडीतून कुटुर्ग्याचा ‘कुट्रुक, कुट्रुक’ असा घोष येतच असतो. मार्च संपण्याआधी गेलात तर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पळसमैनांचा थवा धाडकन उतरतो आणि पाच मिनिटांत झाड हलवून निघून जातो. या मैना आपल्याकडच्या नव्हेत, हिवाळा काढायला येतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे विणीला परततात. पळसावर येतात म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पळसमैना हे नाव दिलं.

झाडाखालीही बघत राहा. खारी आणि वानरं वरून जितकी फुलं खातात तितकीच खाली सांडतात. ती खायला पहाटे भेकर येतं. आम्ही ते एकदाच बघितलं: बसून चाळीसेक मिनिटं झाली होती, आमच्यातली एक मैत्रीण पेंगुळली होती, आणि कारवीच्या वाळक्या काड्यांमधून ते तांबूस जनावर बाहेर आलं, तीन फुलं खाल्ली, कान फिरवले आणि गेलं. कोणी फोटो काढला नाही. हात हलवायचीच कोणाची छाती झाली नाही.

दुर्बीण जमली तर घ्या, पाच जणांत एक पुरते. कपडे मातकट, हिरवट. आणि पाखरू जवळ यावं म्हणून फोनवर त्याचीच साद वाजवू नका. हे त्यांचे विणीचे दिवस आहेत. आवाज ऐकून नर दुसरा नर घुसला असं समजतो आणि घरटं सोडून भांडायला येतो.

शेकरू हमखास दिसेल अशी जागा कोणती?

हमखास काही नसतं, पण भीमाशंकरला संधी चांगली आहे. शेकरू आपला राज्यप्राणी, आणि १९८५ साली घोषित झालेलं हे अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. देवळाच्या गर्दीपासून दूर, गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर सकाळी सातच्या आत शांतपणे चाला. आधी कान वापरा: वरून खडखडाटासारखी ओरड येते, किंवा फळांची टरफलं टपटपतात. मग झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा मोठा गोळा शोधा, ते त्याचं घरटं. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरी असेलच असं नाही. तांबूस-तपकिरी अंग, पिवळट पोट, आणि शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांबी. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. या झाडावरून त्या झाडावर झेप घेतं, म्हणून वरची फांद्यांची जाळी तुटली की त्याची वाटच तुटते.

महाशिवरात्रीच्या आसपास मात्र भीमाशंकरला जाऊ नका. भाविकांची गर्दी असते, तो दिवस त्यांचा.

इतकं करून प्राणी दिसलाच नाही तर?

बहुतेक वेळा दिसत नाही. पण वसंतात पायवाटेवर मऊ फुफाटा असतो आणि त्यावर रात्रीचा सगळा हिशेब उमटलेला असतो. उजाडताच, माणसांची पावलं पडायच्या आत, तो वाचा. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, बिबट्याच्या दिसत नाहीत, कारण तो चालताना नखं आत घेतो. रानडुकरांनी उकरलेली माती, मोराची तीन लांब बोटं, साळिंदराचा पडलेला काटा, सापाची सरपटलेली रेघ. आमच्यातला एकजण ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढतो, म्हणजे नंतर आकाराचा अंदाज येतो. ट्रेकला काहीच दिसलं नाही असं म्हणणाऱ्याने बहुधा खाली बघितलेलं नसतं.

सोबत किती जण असावेत?

चार ते सहा. दहाच्या वर गेलं की गप्पांचे दोन-तीन गट पडतात आणि पाखरं पुढे पळतात. वाट माहीत असलेला पुढे, अनुभवी माणूस सगळ्यात मागे, आणि वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा. स्पीकर घरी. झाडाखाली बसलो की बोलायचं नाही, चालताना हळू बोलायचं, आणि जेवताना मनसोक्त. आम्ही एवढाच नियम पाळतो आणि तो पुरतो.

शक्य असेल तिथे पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याचे ठरलेले पैसे आनंदाने द्या. ठाकर, महादेव कोळी, कातकरी घरांतल्या आजीबाईंना जितकी झाडं ओळखता येतात तितकी आमच्या सगळ्या पुस्तकांत मिळून नाहीत. भीमाशंकर-आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात याच दिवसांत बाळहिरडा गोळा करून अंगणात वाळत घातलेला असतो. ते त्या घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे. त्यावरून चालू नका.

कुठे जावं?

मुंबईकरांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापासून सुरुवात करावी, तिथे सावर आणि पळस भरपूर. कर्नाळा लहान आहे पण पाखरांनी समृद्ध. माथेरानला मोटारगाड्यांचा गोंगाट नसल्यामुळे अंजनीखाली उभं राहून नुसत्या मधमाश्यांचा गुंजारव ऐकता येतो.

पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याची दरी पक्षिप्रेमींना माहीतच आहे. एप्रिल-मेमध्ये झऱ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यावर स्वर्गीय नर्तक येतो. पांढऱ्या रेशमी फितीसारखी शेपूट हलवत तो पाण्यावर सूर मारतो तेव्हा माझे तरी शब्द संपतात. आहुपेची देवराई बघायची असेल तर गावात विचारून, चपला काढून, आतलं पानही न उचलता बघावी. गारंबीच्या अजस्र वेली आणि मीटरभर लांबीच्या शेंगा तिथे डोक्यावर लोंबतात.

कोल्हापूरकरांना दाजीपूर-राधानगरी आहे, १९५८ पासूनचं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, गव्यांसाठी प्रसिद्ध. गवा शांत दिसतो पण त्याला वाट मोकळी द्यावी, ओरडू नये, जवळ जाऊ नये. तळकोकणात सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. तिचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात विकायला येतात आणि मग एसटीतही तो वास दरवळतो. याच दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. ढोली सापडली तर लगेच मागे फिरा.

कोयना आणि चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. कुठल्याही अभयारण्यात जाण्याआधी वनखात्याच्या चौकीवर परवानगी, वेळ आणि शुल्क विचारून घ्या.

पाणी, ऊन आणि डबा?

माणशी किमान तीन लिटर पाणी, दिवसभराचं असेल तर चार. पावसाळ्यात जिथे धबधबा बघितला होता तिथे आता दगड असतात. गडावरच्या टाक्यात पाणी असेलच या भरवशावर निघू नका, आणि असलं तरी ते पाखरांनाही हवं असतं, त्यात साबण-हातपाय नकोत. सहाला चालायला सुरुवात, अकराच्या आत सावलीत. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, घाम थांबला तर थांबा, सावलीत झोपवा, कपडे ओले करा, आणि माणूस बरळायला लागला तर तडक दवाखाना.

डब्यात दहीभात, काकडी, पोळी-गूळ, कैरीचं पन्हं. चैत्रात आमच्याकडे एकीच्या डब्यात आंब्याची डाळ असते आणि ती तिच्या वाट्याला कधीच उरत नाही.

मधमाश्यांची खरंच एवढी भीती बाळगावी का?

हो. साप आणि बिबट्या यांच्यापेक्षा मी याला जास्त मानतो.

फुलांचे दिवस म्हणजे मधाचे दिवस. कडेकपारीला, गडाच्या दरवाज्यांवर, उंच सावरीवर आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. कर्नाळ्याचा सुळका त्यासाठी ओळखला जातो. काही वर्षांपूर्वी एका गडावर आमच्या वर शंभर-दीडशे फुटांवर दुसऱ्या एका गटाने चहासाठी काटक्या पेटवल्या. धूर कड्याला लागला आणि आवाज आला, भुंग्यासारखा, पण सगळ्या बाजूंनी. आम्ही ओढण्या-टॉवेल तोंडावर घेऊन उतरणीने पळालो. माझ्या मानेवर आणि हातांवर चौदा डंख होते. एका मित्राचे ओठ सुजले, श्वास लागायला लागला, त्याला रात्र दवाखान्यात काढावी लागली. तो वाचला, कारण आमच्यातल्या एकीने ‘बसू दे थोडा वेळ’ असं न म्हणता थेट गाडी गाठली.

म्हणून: अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून यायचं नाही. पोळं दिसलं तर त्याखाली थांबायचं नाही, ओरडायचं नाही, दगड तर नाहीच. उठल्याच तर हात न झटकता तोंड आणि डोकं झाकून लांब पळायचं, आणि पळत राहायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत राहतात. नंतर कातडीत रुतलेल्या नांग्या लगेच खरवडून काढा. अंगभर गांधी, तोंडावर सूज, श्वासाला त्रास यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा आणि वाट न बघता खाली उतरवायला लागा.

आणि साप, गोचीड, खाजकुयली?

साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव हलणार नाही असा आधार द्या आणि दवाखान्यात न्या. बसण्याआधी दगडाभोवती काठी आपटा, एवढी सवय पुरे.

खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. वेलीवरची ती सोनेरी लव सुंदर दिसते, हात लावू नका. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटा आणि मग धुवा.

गोचिडींचं गांभीर्य दक्षिण सिंधुदुर्गात जास्त. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून मेपर्यंत असतो. तिकडे पूर्ण बाह्या आणि लांब मोजे घाला, पाचोळ्यावर बसणं-लोळणं टाळा, परतल्यावर अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आवर्जून सांगा.

रात्री मुक्काम केला तर छोटी शेकोटी चालेल?

नाही. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीतलं गवत म्हणजे दारूगोळा असतो. वणवा लागला की जमिनीवरची घरटी, सरडे, कोवळी रोपं, पाचोळ्यातलं बी, सगळं जातं. गवत जाळलं की पुढच्या वर्षी ते जोमाने येतं असा समज अजून आहे, त्यामुळे आगी मुद्दामही लावल्या जातात. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. वणवा लागायला विडी-सिगारेटचं थोटूकही पुरतं. धूर दिसला तर आपण विझवायला धावण्याआधी वनखात्याला आणि गावाला कळवा, आणि चढावर आगीच्या वर कधीही राहू नका, आग चढावर फार वेगाने येते.

फुलं तोडली, रानमेवा खाल्ला तर?

पडलेलं फूल हातात घ्या, बघा, तिथेच ठेवा. ते कोणाचा तरी नाश्ता आहे. रंगपंचमीसाठी पळसाचा रंग करायचा असेल तर तो गावच्या बांधावरच्या झाडाखालची फुलं वेचून, मालकाला विचारून करावा. अभयारण्यातून काहीच बाहेर न्यायचं नसतं.

करवंदं, तोरणं वाटेवर मिळतात. गावातल्या बायका द्रोण घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या. न ओळखता काही तोंडात टाकू नका. गेळाचं फळ पेरूसारखं गोमटं दिसतं, पण ते मासे गुंगवायला वापरत आणि खाल्लं तर उलट्या होतात.

नाव कळण्यासाठी कुठलं ॲप वापरावं?

आयनॅचरलिस्टवर फोटो टाका, पाखरांच्या नोंदीसाठी ईबर्ड. फोटो घेताना फुलासोबत पान, खोड आणि पूर्ण झाड असे चार घ्या, नुसत्या फुलावरून ओळख चुकते. घरटी आणि आमऱ्यांची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. आणि ॲपने लॅटिन नाव सांगितलं तरी गावातल्या माणसाला त्याचं नाव विचाराच. एकाच झाडाला घाटावर एक नाव असतं आणि घाट उतरलं की दुसरं.

बहावा झडला की मग काय?

मग पावश्याचं ‘पेरते व्हा’ दिवसरात्र चालू असतं. बहावा फुलला की पाऊस किती दिवसांवर आला याचे आडाखे गावोगाव बांधले जातात. सावरीचा कापूस वाटेवर उडत असतो, जांभळं पिकतात, पाणवठ्यावर गर्दी वाढते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं मचाणांवर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. मेच्या अखेरीस भंडारदरा आणि राजमाचीकडे काजवे सुरू होतात. आम्ही तेव्हा एकदा परत जातो, फेब्रुवारीत ज्या सावरीखाली बसलो होतो तिथेच. तिला तोवर हिरवीगार पानं आलेली असतात, आणि नवीन माणसाला ती ओळखू येत नाही.